हिवाळा : दवंडीचा हंगाम

पावसाळ्यात गावाला कुणी काही सांगायला येत नाही. आषाढात मुरबाडच्या पुढे जाऊन बघा, माणसं लावणीच्या चिखलात पोटरीभर उभी असतात, ओढे भरलेले, पायवाटा बुडालेल्या. अशा वेळी नियम सांगणार कोण आणि ऐकणार कोण? दिवाळी झाली, भात कापून खळ्यावर आलं, वाटा सुकल्या, की मग सगळ्यांना गावाची आठवण होते. घरपट्टी-पाणीपट्टी भरा. मार्चअखेर थकबाकी ठेवू नका. वणवा लावू नका. गुरं मोकाट सोडू नका. ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा आहे, घरटी एक माणूस श्रमदानाला पाठवा. २६ जानेवारीला ग्रामसभा आहे, सर्वांनी हजर राहावे.

आमचं आजोळ धसईपासून चालत जाण्याच्या अंतरावर. (मामेभावंडं हे वाचतीलच. त्यांनी भर घालावी.) दरवर्षी थंडीत तिकडे गेलो की पंचायतीच्या फळ्यावरचे कागद वाचायची मला सवय आहे. घरचे हसतात. पण मला ते कागद म्हणजे गावाच्या इतिहासाची टिपणं वाटतात. त्यातूनच हा विचार सुरू झाला, की हिवाळ्यातल्या या सूचना कधीपासून येतात, कोण देतं, आणि मुख्य म्हणजे त्यातल्या पाळल्या कुठल्या जातात?

आधी गावाचे स्वतःचे नियम. ते कुठल्याच फळ्यावर कधी लागले नाहीत. आजी सांगायची, की हळवं भात आधी कापून होतं, गरवं मागे राहतं. ज्याचं हळवं कापून झालं तो आपली गुरं लगेच सोडून द्यायला मोकळा नसे. शेवटच्या माणसाचं शेवटचं भात कापून, भारे खळ्यावर आले, की मगच गुरं मोकळी. त्यानंतर मात्र बांधाला किंमत नाही. सगळी शेतं सगळ्यांच्या गुरांची. ज्याला ओलीवर वाल किंवा हरभरा टाकायचा असेल त्यानं आपलं आपण काट्यांचं कुंपण करायचं, आणि कुंपण ढिलं ठेवलं तर गाऱ्हाणं करायचं नाही. केवढा नेमका कायदा आहे हा! गुरं बांधून ठेवायची जबाबदारी कुठपर्यंत गुरवाल्याची आणि कुठून पुढे पीकवाल्याची, हे एका दिवसानं ठरतं. आणि तो दिवस पंचांगात नसून गावातल्या सर्वात मागे राहिलेल्या शेतकऱ्याच्या हातात असतो.

हा नियम टिकला, कारण ज्यांनी तो पाळायचा तीच माणसं तो ठरवताना होती. आज ज्याचं हळवं आहे त्याचं पुढल्या साली गरवं असू शकतं. आज आपण थांबलो तर उद्या आपल्यासाठी कुणी थांबेल, एवढाच त्यामागचा हिशोब.

सरकारी नियमांचा हिशोब वेगळा होता. इंग्रजी अमलात कलेक्टर, प्रांत, मामलेदार ही मंडळी फिरतीवर निघायची ती थंडीतच. पाऊस थांबलेला, ऊन कोवळं, तंबू ठोकायला माळ कोरडे. साहेबाचा मुक्काम पडला की गावानं लाकूडफाटा, दूध, कोंबड्या, सामान वाहायला माणसं पुरवायची. सारावसुलीही पीक हातात आल्यावरच निघायची. शेतकऱ्याच्या घरात वर्षातून एकदा काही असायचं ते या दिवसांत, म्हणून सरकार, सावकार आणि दवंडी या तिघांनाही हाच हंगाम सोयीचा. १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला आणि कोंडवाडा सरकारी झाला. सुटलेलं गुरू कोंडवाड्यात घालायचं, दंड भरून सोडवून आणायचं. गावात जे एकमेकांच्या तोंडावर मिटत होतं, त्याची आता पावती फाटू लागली.

पण ठाणे जिल्ह्यात खरी ठिणगी पडली ती जंगलाच्या नियमांवरून. शहरातल्या वाचकांसाठी थोडं थांबून सांगतो. आपल्याकडे भाताचं रोप तयार करायची जी जागा असते, ती पावसाआधी भाजतात. शेण, झाडाचे टहाळे, पालापाचोळा, गवत असे थर द्यायचे, वर मातीचा पातळ थर, आणि मग पेटवायचं. याला राब म्हणतात. त्यानं तणाचं बी जळतं, राखेचं खत मिळतं, रोप जोरात येतं. हे टहाळे तोडायचे दिवस थंडीचे, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत ते खडखडीत वाळतात. थोडक्यात, पुढच्या वर्षीचं भात हे या वर्षीच्या हिवाळ्यात झाडावर चढलेल्या माणसावर अवलंबून असायचं.

१८७८ च्या जंगल कायद्यानं राखीव आणि संरक्षित अशी जंगलं आखली गेली, आणि झाडावर चढलेला तो माणूस एकाएकी गुन्हेगार ठरू लागला. कुठल्या झाडाची फांदी तोडायची, कुठल्याची नाही, किती तोडायची, कुठून गवत आणायचं, सगळ्याला नियम. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले आहेत ते उगीच नाहीत. डोंगर, दऱ्या, कुरणं खात्यानं घेतल्यावर गुरं चरायची कुठे, हा त्यांचा सवाल होता. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. राबासाठी टहाळे तोडायची सवलत सरकारला साफ बंद करता आली नाही.

मला यात विशेष वाटतं ते हे, की जंगल टिकलं पाहिजे हे गावकऱ्यांनाही कळत होतं. उघडाबोडका डोंगर कुणाला हवा असतो? पण नियम करणाऱ्याला राब म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, आणि राब भाजणाऱ्याला नियम ठरताना कुणी विचारलं नव्हतं. तक्रारी झाल्या, आयोग बसला, तेव्हा कुठे विचारणं झालं. म्हणजे आधी दवंडी, मग चौकशी.. उलटा क्रम!

दवंडी म्हटलं की आपल्याला सिनेमातलं 'ऐका हो ऐका' आठवतं आणि गंमत वाटते. पण ती पिटणारा कोण होता? महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत हे काम वतनी महारांकडे असे. थंडीच्या पहाटे वाडीवाडीवर जायचं, सरकारचा हुकूम ओरडून सांगायचा, सारा भरायला माणसं बोलावून आणायची, साहेबाच्या मुक्कामावर राबायचं. मोबदला म्हणजे वतनाची तुटपुंजी जमीन आणि खळ्यावर मिळेल ते बलुतं. ज्या चावडीचा हुकूम तो सांगायचा त्या चावडीत त्याला बसायची मुभा नव्हती, आणि ज्या विहिरीच्या पाण्याचे नियम तो सांगायचा त्या विहिरीला त्याला शिवता येत नव्हतं. गावाचा प्रत्येक नियम ज्याच्या तोंडून बाहेर पडला, त्याला एकही नियम करायचा अधिकार नव्हता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं ते याच गुलामीवर बोट ठेवण्यासाठी. ते तेव्हा तडीस गेलं नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा पुढे १९५८ साली झाला. योगायोग असा की मुंबई ग्रामपंचायत कायदाही १९५८ चाच. म्हणजे दवंडी पिटायची सक्ती गेली आणि ग्रामसभेत बसायचा हक्क आला, हे दोन्ही कायदे एकाच सालचे. आपल्या शाळेच्या पुस्तकात ही जोडी शेजारीशेजारी आलेली मला आठवत नाही.

मध्ये एक हिवाळा असाही होऊन गेला की त्यात दवंडीपेक्षा गावाचं गप्प राहणं मोठं ठरलं. १९४२ चा. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे आपले भाई कोतवाल, हे त्याआधीपासून या भागात शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभारायच्या खटपटीत होते. पावसाळ्यात घरातलं भात संपतं, सावकाराकडून आणावं लागतं आणि खळ्यावर दीडपट-दुप्पट फेडावं लागतं. ते चक्र तोडायचं तर सुगीत गावानंच धान्य एकत्र ठेवायचं आणि अडीअडचणीला आपसात द्यायचं. हाही हिवाळ्यातलाच नियम बघा, पण गावानं गावासाठी केलेला.

चले जाव चळवळीत त्यांनी आझाद दस्ता उभारला आणि मुंबईच्या कारखान्यांना वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. सरकारनं त्यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. दस्ता मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात जाऊन राहिला. अनेक आठवडे डोंगरातली माणसं या लोकांना सांभाळत होती. शेवटी खबर फुटली आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी वेढा घातला. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले. दरवर्षी २ जानेवारीला लोक सिद्धगडावर जमतात. बक्षिसाची जाहिरात आज कुणाला आठवत नाही, ती तारीख आठवते.

आता आपल्या डोळ्यादेखतचा हिवाळा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. भातकापणीचे दिवस. व्यापारी भात घ्यायला तयार, पण द्यायला नोटा नाहीत. मजुराला रोजची मजुरी द्यायला सुट्टे नाहीत. आणि अशात १ डिसेंबर २०१६ रोजी धसईचं नाव एकदम देशभर झालं. राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. बँक ऑफ बडोदानं दुकानदारांना कार्ड घासायची यंत्रं दिली. किराणावाल्यापासून वडापाववाल्यापर्यंत सगळीकडे टीव्हीवाले फिरत होते. डोंबिवलीतल्या ज्या शेजाऱ्यांना मी दहा वर्षं धसई कुठे आहे ते समजावून सांगत होतो, ते मला येऊन सांगू लागले, 'अहो, तुमचं गाव टीव्हीवर!'

मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. धसई ही नुसत्या धसईकरांची नाही, आजूबाजूच्या वाड्या-पाड्यांची ती बाजारपेठ आहे. मीठ-मिरची, कापडचोपड, बी-बियाणं सगळं तिथून. तिथला व्यापारी हुशार आहे, नवीन गोष्टीला बिचकत नाही. पण बाजारपेठ कॅशलेस करायची तर बाजाराला येणाराही कॅशलेस हवा ना? डोंगराकडच्या पाड्यावरून लाकडाची मोळी, पालेभाजी किंवा कोंबडा घेऊन येणाऱ्या बाईकडे कार्ड कुठलं? नेटवर्क गेलं, वीज गेली की यंत्र म्हणजे नुसता डबा. नोटा परत हातात खेळू लागल्यावर व्यवहारही हळूहळू नोटांवर परतले, आणि त्याच्याही बातम्या झाल्या, पहिल्यापेक्षा जरा छोट्या टायपात.

यात गावाला हसायचं कारण नाही. पुढे काय झालं ते पाहा. त्याच हिवाळ्यात, ३० डिसेंबर २०१६ ला भीम ॲप आलं. त्यानंतर काही वर्षांत स्वस्त डेटा आला, घरोघर स्मार्टफोन आला, आणि छोट्या टपऱ्यांवरही क्यूआर कोडचे स्टिकर चिकटले. त्यासाठी मंत्री आले नाहीत, मांडव पडला नाही. ज्याला सोयीचं वाटलं त्यानं घेतलं, ज्याला नाही तो आजही नोट देतो. आजीच्या हळव्या-गरव्या भाताच्या नियमासारखंच झालं हे. गाव पुढे जातं, पण सर्वात मागच्या माणसाचं भात कापून होईपर्यंत थांबावं लागतं. १ डिसेंबरला जाहीर करून गुरं आधीच सोडली होती, एवढंच.

हा सर्वात मागचा माणूस हिवाळ्यात कुठे असतो, हा प्रश्न मला अलीकडे जास्त छळतो. दिवाळी झाली की आपल्या भागातली कितीतरी कातकरी आणि ठाकूर कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. भिवंडी, कल्याण, पनवेल, जिथे भट्टी लागेल तिथे. पावसाळ्यात पोट भरायला घेतलेली उचल फेडायची असते. पाड्यातल्या झोपड्यांना बाहेरून काटकी लावून पोराबाळांसकट माणसं निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे गावाच्या सूचनांचा जो हंगाम, तोच यांच्या गावाबाहेर असण्याचा हंगाम. वणव्याचा नियम, पाण्याचा नियम, घरकुलाची यादी, २६ जानेवारीची ग्रामसभा.. ज्यांना हे सगळं सर्वात जास्त लागू होतं, तेच फळा वाचायला किंवा दवंडी ऐकायला गावात नसतात. मग पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणतं, 'या लोकांना कितीही सांगा, समजत नाही.' अहो, सांगितलं कधी? रिकाम्या पाड्याला?

हे फार वाईट आहे, आणि जास्त वाईट अशासाठी, की कायदा आता बदलला आहे. डिसेंबर १९९६ मध्ये पेसा कायदा झाला. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे आणि मुरबाडचा काही भागही. डिसेंबर २००६ मध्ये वनहक्क कायदा संमत झाला, १ जानेवारी २००८ ला त्याचे नियम आले. (पुन्हा हिवाळेच!) ज्या जंगलात टहाळा तोडला म्हणून पणजोबाला दंड झाला असेल, त्या जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा, त्यासाठी नियम करायचा हक्क आता ग्रामसभेला मिळू शकतो. २०१२ च्या सुधारित नियमांत अशा ग्रामसभेसाठी निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका हव्यात असं लिहिलं आहे. माझी आजी आयुष्यभर गावात राहिली, गुरं कधी मोकळी करायची ते तिला तारखेनिशी ठाऊक होतं, पण गावाच्या कुठल्या बैठकीत ती बसली असेल असं मला वाटत नाही. तिच्यासारख्या बायकांशिवाय सभाच भरत नाही, असा नियम आला ही लहान गोष्ट नाही.

जंगलात १५ फेब्रुवारीपासून आगीचा हंगाम धरतात. त्याआधी जाळरेषा काढायच्या, म्हणजे गवत कापून-जाळून मोकळे पट्टे ठेवायचे, की वणवा पुढे सरकू नये. खात्याचं मनुष्यबळ किती पुरणार? वणवा विझवायला शेवटी पाड्यावरचीच माणसं धावतात. त्यांनीच ठरवलेला नियम आणि फळ्यावर लागलेला कागद यात कुठल्यानं जंगल वाचेल, हे सांगायला आयोग नेमायची गरज नाही.

म्हणून आपल्या गावातल्या मंडळींपुढे एक साधी सूचना ठेवतो. सूचनाच म्हणा, फळ्यावर लावायला हरकत नाही. हिवाळ्याचे नियम हिवाळ्यात करू नका. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत करा. तेव्हा लावणी आटोपलेली असते, भट्टीवरची माणसं घरी असतात, सगळ्या पाड्यांवर चूल पेटलेली असते. वणवा, पाणी, गुरं, जंगलातलं गवत-लाकूड, जे काही ठरवायचं ते त्या दिवशी सगळ्यांना समोर बसवून ठरवा. २६ जानेवारीला फक्त आठवण द्या. आणि जे भट्टीवर गेले असतील त्यांच्यापर्यंत ती आठवण पोचवायची जबाबदारी एखाद्या तरुणाला नावानिशी द्या. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की झालं असं नाही, त्या ग्रुपवर कोण नाही याचीही यादी असू द्या.

कल्याण-डोंबिवलीला राहणाऱ्या आपल्या भावंडांनाही सांगणं आहे. आपण गावी जातो ते होळीला, लग्नाला, फार तर पौषातल्या म्हशाच्या यात्रेला. यंदा १५ ऑगस्टची सुट्टी गावी घालवू या. गरवं भात तेव्हा बांधाबांधानं हिरवंगार डुलत असतं, समोर गोरखगड ढगात असतो, आणि सभेच्या रजिस्टरवर चार सह्या जास्त पडल्या तर वाईट काय? मी सकाळी लवकर निघणार आहे. कुणाला यायचं असेल तर आधी कळवा, गाडीत तीन जागा आहेत.